चाकाखालचा दगड

"सोळा तास," मी म्हणाले आणि पुन्हा कणकेत हात घातला.

गेल्या जुलैतली, २०२५ची गोष्ट. दादा तीन वर्षांनी घरी येणार होता. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत होते, की तो तिकडून निघाला म्हणजे इथे किती वेळात येतो. दोन विमानतळांची नावं घातली की मधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी एक साइट आहे. करंगळीने मोबाइल उघडून मी तिच्यात सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई घातलं. साडेतेरा हजार किलोमीटर आणि वर अकरा. सोळा तास आणि वर काही मिनिटं. मिनिटं मी गाळली. दादाने चार दिवसांपूर्वीच कळवलं होतं, की तिकीट थेट विमानाचं असलं तरी विमान वाटेत इंधनासाठी उतरणार आहे, वेळ बराच जास्त लागेल. तेही गाळलं. मुंबईहून पुण्यापर्यंतचा रस्ता तर मनातच आला नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला एवढा तपशील कशाला, इतकंच वाटलं, आणि मला वीस पोळ्या लाटायच्या होत्या.

"सोळा," बाबा एकदा स्वतःशी म्हणाले आणि बाहेर गेले.

दादाच्या येण्यासाठी म्हणून मी दोन दिवस आधीच बिबवेवाडीला बाबांकडे राहायला आले होते. रविवारी पहाटे पावणेतीनला जाग आली ती गॅलरीतल्या दिव्याने. बाहेर बारीक पाऊस चालला होता, समोरच्या पत्र्यावर त्याचा आवाज येत होता. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा आकाशी बुशशर्ट, खिशाला पेन, मांडीवर डायरी, खुर्चीच्या पायाशी टॉर्च. रात्री घातलेला बनियन-पायजमा बदलून ते कधी तयार झाले, मला कळलंही नव्हतं. डायरीत त्यांच्या त्या सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : सुटली ९.३०. शनिवारी सकाळी साडेनऊला दादाचा "बसलो विमानात" असा निरोप आला होता. त्याखाली : येणे १.३०. आणि त्याखाली काहीच नव्हतं.

"तासाभराचा लेट मी धरतच नाही," ते म्हणाले. "आता सव्वा तास झाला."

मी काही बोलायच्या आत त्यांनी वर पाहिलं. "काही झालं असेल तर सांग. मी ऐकून घेतो."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. ते म्हणताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. चौतीस वर्षं ज्या आवाजात ते लोकांशी बोलले, तोच तो आवाज होता.

बाबा एसटीत होते. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक, आणि शेवटची कितीतरी वर्षं स्वारगेटला. खिडकीतल्या माइकवरून "भोरमार्गे महाड जाणारी गाडी फलाट क्रमांक..." हे मी माझ्या लहानपणी बाबांच्या आवाजात ऐकलंय आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बायकांना "ते माझे बाबा" असं सांगितलंय. गाडी लावायची, वेळेवर सोडायची, सुटल्याची नोंद करायची, आलेल्या गाडीची नोंद करायची. दिवसभर सुटणं आणि येणं. त्यांच्या लेखी सुटलेली गाडी म्हणजे उघडा राहिलेला हिशेब. ती पोचल्याचं कळेपर्यंत तो मिटत नाही.

अंतर ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, टप्प्यांत मोजतात. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. त्यावरच तिकिटाचा दर. अर्धा टप्पा गेलात तरी पूर्ण धरायचा. आमच्याकडे लग्नाच्या स्थळाबद्दल बोलणं चालू असलं तरी बाबा मध्येच म्हणायचे, "म्हणजे अकरा टप्पे." मुंबई पंचवीस टप्पे. दादा पहिल्यांदा अमेरिकेला गेला त्या दिवशी त्यांनी कुठूनतरी अंतर मिळवून भागाकार केला होता आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. २,२५२ टप्पे. आई म्हणाली होती, "एवढं तिकीट कोणाला परवडायचं!" आणि मग डोळ्याला पदर लावला होता. ते कॅलेंडर अजून आहे. आई नाही.

भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीतलं आमचं गाव. तिथे आजीच्या तोंडी टप्पाही नव्हता. कुणी लांब विचारलं तर ती "हाकेच्या अंतरावर" म्हणायची, नाहीतर "दोन कोस" म्हणायची, आणि फार लांबचं गाव असलं तर "भाकरी बांधून जावं लागतं." किती लांब याचं उत्तर त्या माणसाला तिथवर जायला काय करावं लागेल, यात असायचं. गावात रात्री नऊला शेवटची गाडी यायची, ती मुक्कामी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, गाडी पाराखाली उभी असायची, आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं घेऊन भोरला निघायची. रात्री तिचे दिवे वळणावर दिसले की आजी म्हणायची, "आली बाई मुक्कामी," आणि दाराला कडी लावायची. ती गाडी आल्याशिवाय गाव झोपत नसे.

तर अशा माणसाला मी सोळा तास सांगितले होते.

त्या साइटचं गणित अगदी सरळ असतं. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर काढायचं, विमानाचा एक ठरलेला वेग धरून त्याला भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास टाकायचा. उत्तर चूक नसतं. पण त्यात वारा नाही, बंद असलेलं आकाश नाही, इंधन नाही, इमिग्रेशनची रांग नाही, पट्ट्यावर फिरत न आलेली दुसरी बॅग नाही. बोरघाटातला पाऊस तर नाहीच नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाने तोंडदेखलं उत्तर द्यावं तसं ते उत्तर असतं, आणि मी ते तसंच पुढे केलं.

पुणेकराला तर परदेश आधी खंडाळ्याच्या घाटाने गाठावा लागतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. मुंबईची जवळजवळ साडेतीन. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे हवा थोडी विरळ, उन्हाळ्यात तर आणखीच. पोटभर इंधन घेतलेलं मोठं विमान एवढ्याशा पट्टीवरून उठू शकत नाही. २००८मध्ये लुफ्तान्साने पुण्याहून फ्रँकफर्टला विमान सुरू केलं होतं, तेही नुसत्या बिझनेस क्लासचं, मोजक्या खुर्च्यांचं छोटं विमान. त्याची बातमी बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलेली मला आठवते. आता २०२४पासून लोहगावला नवीन टर्मिनल आहे, चकचकीत आहे, दुबईला जाता येतं. पुरंदरच्या विमानतळाबद्दल तर आपण इतकी वर्षं ऐकतोय की तिथल्या गावांची नावं सगळ्या पुण्याला पाठ झालीत. पण अमेरिकेच्या माणसाला आणायला-सोडायला आजही रात्री-अपरात्री मुंबईच. खालापूरच्या फूड मॉलवर पहाटे तीनला मोठाल्या बॅगांची मापं काढत बसलेली कुटुंबं दिसली, की ती कुठे चाललीत हे विचारावं लागत नाही. जाणाऱ्या गाडीत सगळे जागे असतात. परतणाऱ्या गाडीत एक सीट रिकामी असते आणि कुणी फारसं बोलत नाही.

त्या पहाटे गॅलरीत मी बाबांना सगळं सांगितलं. इंधनाचा थांबा, मग मुंबई, मग कॅब. काही झालेलं नाही, मीच अर्धवट सांगितलं होतं. ते ऐकत होते. मग डायरीतली "येणे १.३०" ही ओळ त्यांनी पट्टीने आखल्यासारखी सरळ खोडली. "मला इंधनाचं सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आत येऊन पडले, पण झोप लागली नाही. डोळ्यासमोर सारखी एक जुनी रात्र येत होती.

मी तेव्हा सहावीत असेन. ऑगस्टचा पाऊस, आणि महाडकडून येणारी संध्याकाळची गाडी आली नव्हती. वरंध घाटात दरड आल्याचं कुणीतरी सांगितलं, पण फोनच्या तारा तुटलेल्या, खरं-खोटं कळायला मार्ग नाही. बाबांचा डबा घेऊन मी आणि दादा स्वारगेटला गेलो होतो आणि पावसात तिथेच अडकलो. कंट्रोलच्या खिडकीपाशी दहा-पंधरा माणसं होती. एका बाईंच्या कडेवर मूल होतं आणि त्या दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होत्या, "साहेब, लागली का?" बाबा दर वेळी खिडकीतून वाकून, त्यांच्या डोळ्यांकडे बघून सांगत होते, "अजून नोंद नाही. नोंद झाली की पहिल्यांदा तुम्हालाच सांगतो." एकदाही "येईल हो" असं म्हणाले नाहीत. मला तेव्हा ते फार कठोर वाटलं होतं. एवढं म्हणायला काय जातं, असं मी दादाला म्हटलंही. पहाटे साडेचारला ती गाडी आली. घाटातून मागे फिरून, आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरला चढून, सगळा वळसा घालून आलेली. खिडक्यांपर्यंत लाल चिखल. ड्रायव्हरचे डोळेही तसेच लाल. सगळी माणसं धड होती. बाबांनी आधी त्या बाईंना हाक मारली, मग रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, आणि मग आमच्यासमोर डबा उघडला. भाजी आंबली होती. त्यांनी ती तशीच खाल्ली.

"येईल हो" न म्हणणाऱ्या त्या माणसाला मी "सोळा तास" म्हणाले होते. तेच ते. एवढं म्हणायला काय जातं.

दादा रविवारी दुपारी बारा वीसला दारात उभा राहिला. अंगावर दोन दिवसांचे कपडे, दाढी वाढलेली. घाटात दोन तास गेले होते. तो अमृतांजन पूल २०२०मध्ये पाडला, पण नाव जागेला चिकटून आहे, आणि वाहतूक अजूनही तिथेच अडते. ढग रस्त्यावर उतरलेले, ट्रक एकामागे एक. बाबांनी आधी डायरीत लिहिलं, मग उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी त्याच्याकडून एकेक वेळ विचारून घेतली. फ्रीमाँटच्या घराचं दार ओढून घेतलं, तेव्हा इकडे शनिवारची पहाट, साडेपाच. म्हणजे दारापासून दारापर्यंत जवळजवळ एकतीस तास. साइटच्या आकड्याच्या दुपटीला एक तास कमी. शेवटच्या पंचवीस टप्प्यांनाच साडेचार तास लागले होते. बाबांनी सगळी बेरीज दोनदा तपासली आणि खाली रेघ मारली.

मग सुरू झाल्या दादाच्या रात्री. साडेबारा तासांचा फरक, म्हणजे तिथली दुपार ती आपली मध्यरात्र. शरीराला दिवसाला साधारण तासाभराचा फरक पचतो म्हणतात, त्या हिशेबाने माणूस पुरता पोचायला बारा-तेरा दिवस लागतात, आणि दादाची रजा तीन आठवड्यांची. जेवताना त्याची मान खाली जायची. दुपारी भाच्याशी बोलता बोलता सोफ्यावरच डोळा लागायचा. आणि पहाटे अडीच-तीनला टक्क जागा. बाबांची झोप तर वयामुळे पहाटे तीनच्या पुढे जातच नाही. आमच्या घरात पूर्वी हे दोघे जेवढ्यास तेवढं बोलत. "पैसे पाठवू का?" "नको, आहेत." पण आता सगळं बिबवेवाडी झोपलेलं असताना हे दोघे गॅलरीत चहा घेऊन बसायचे. आतल्या खोलीत पडल्या पडल्या मला त्यांचे आवाज येत. मी उठून जात नसे. त्या वेळेत तिसऱ्या माणसाची गरज नव्हती.

एका पहाटे मात्र टीपॉय ओढल्याचा आवाज आला म्हणून मी दारापाशी जाऊन उभी राहिले. माझा मुलगा शाळेत असताना त्याच्यासाठी अप्पा बळवंत चौकातून घेतलेला पृथ्वीगोल, जरा कलंडलेला, त्यावर ब्रिटनच्या जागी चिक्कीचा डाग. आईचा शिवणाचा डबा, म्हणजे बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, उघडा. दादाने त्यातली पांढऱ्या दोऱ्याची रिळ घेतली होती. दोऱ्याचं एक टोक बाबांनी अंगठ्याने मुंबईवर धरलं होतं, दुसरं दादाने सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा ताणला की तो अटलांटिकवरूनही जाईना आणि पॅसिफिकवरूनही. आपोआप सरकत वर वर गेला. राजस्थानवरून, लडाखवरून, सैबेरियावरून, थेट आर्क्टिकच्या बर्फाळ पाण्यावर. तिथून अलास्का, आणि मग कॅनडाचा किनारा डावीकडे ठेवून खाली.

बाबा बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिले. "आडव्या गावाला उभ्या वाटेने," ते म्हणाले.

आणि मग एखादा हुशार विद्यार्थी विचारेल तसे एकेक प्रश्न. दोरा लडाखवरून जातो, तर विमान तिथून का जात नाही? दादाने सांगितलं, की विमानात हवेचा दाब गेला तर डोक्यावरचे मुखवटे खाली येतात, पण त्यातला प्राणवायू दहा-वीस मिनिटंच पुरतो. तेवढ्यात विमानाने तीन हजार मीटरपर्यंत खाली यायचं असतं, म्हणजे माणसाला श्वास घेता येतो. आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर. खाली यायला जागाच नाही.

"म्हणजे घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा नाही," बाबा म्हणाले.

"हो. अगदी तेच."

मग वळसा पश्चिमेकडून घ्यावा, तर २०२५च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद. बाबांनी दोरा बोटाने थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवून पाहिला. दर वेळी तो अपुरा पडायचा, म्हणजे लांबी वाढायची. तेवढं इंधन जास्त, म्हणून तो थांबा. त्या पहाटे मी जे गाळलं होतं, ते त्यांनी आता स्वतःच्या बोटांनी मोजून घेतलं.

दादाने आणखी एक गोष्ट सांगितली, तिने तर बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. २०१६च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. नवा मार्ग १५,३०० किलोमीटरचा, जुन्यापेक्षा चौदाशेच्या आसपास जास्त. पण वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. कारण इतक्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक मोठा प्रवाह वाहतो, आणि त्या बाजूने गेलं की तो विमानाला पाठीमागून ढकलतो. उलट निघालं की तोच छातीवर येतो.

"लांबून गेलं की लवकर," बाबा हसले. किती दिवसांनी हसले. "हे मी आमच्या डेपो मॅनेजरला पावसाळ्यात किती वेळा सांगितलं. वरंध जवळचा, मान्य. पण आंबेनळीने सोडली तर पोचेल तरी."

मी पुढे होऊन कठड्याला टेकून उभी राहिले. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. दादा आता सैबेरियाच्या टोकाला समुद्राकाठी एका जागेवर बोट ठेवून मगदान दाखवत होता. २०२३च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडाने तिथे उतरलं होतं. दोनशे सोळा प्रवासी. परक्या गावात, ना भाषा ना पैसा, तात्पुरत्या केलेल्या जागेत झोपले. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्याही दुसऱ्या दिवशी नवं विमान येऊन त्यांना घेऊन गेलं. बाबांनी एकच विचारलं. "इकडे वाट बघणाऱ्यांना कुणी सांगितलं?" दादाला ते माहीत नव्हतं. बाबा गोलावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मला ती कडेवर मूल घेतलेली बाई आठवली. त्यांनाही तीच आठवली असणार, अशी माझी खात्री आहे, पण विचारलं नाही.

उठता उठता दादा सहज म्हणाला, की विमानाचा खरा वेळ उडल्यापासून मोजत नाहीत. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की वेळ सुरू, आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लागले की संपला. त्याला ब्लॉक टाइमच म्हणतात.

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे चाकाखालचा दगड."

घाटात चढावर गाडी उभी करायची वेळ आली की कंडक्टरने पहिल्यांदा खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. हॅन्डब्रेकवर भरवसा नाही. मी बाबांचा तो दगड पाहिलाय. कंडक्टर होते तेव्हा त्यांच्या ठरलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे एक काळा, त्रिकोणी दगड असायचा, एका बाजूने टायरला घासून गुळगुळीत झालेला. इतर लोक मिळेल तो दगड लावायचे. बाबा आपलाच लावायचे आणि निघताना आठवणीने उचलून आत ठेवायचे. दगड काढल्याशिवाय डबल बेल नाही. एवढ्या मोठ्या विमानाचा वेळही त्याच दगडापासून मोजतात, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला नीट सांगता येत नाही. आपलं काम जगात कुणीतरी अजून तसंच करतंय, अशा समाधानाचं काहीतरी होतं ते.

तीन आठवडे कसे गेले ते सगळ्यांना माहीत असतं. पहिला झोपेत, दुसरा नातेवाइकांत, तिसरा बॅगा भरण्यात. दादाचं शरीर इथल्या घड्याळाला लागलं आणि पहाटेच्या गप्पा बंद झाल्या. शेवटच्या दोन दिवशी तो आठ-आठ वाजेपर्यंत झोपला होता. बाबा तीनला उठून एकटेच गॅलरीत बसायचे, पण आवाज नको म्हणून चहा करत नसत.

आदल्या रात्री त्यांनी डायरीचं नवीन पान आखलं. चार रकाने. ठिकाण, पोचली, सुटली, शेरा. एकाखाली एक : बिबवेवाडी, खालापूर, मुंबई विमानतळ, इंधन थांबा, सॅन फ्रान्सिस्को, फ्रीमाँट. मला म्हणाले, "येण्याची वेळ आधी सांगू नकोस. झालं की सांग, मी लिहीन." दादालाही तसंच बजावलं. रविवारी सकाळी सातला कॅब आली. बाबा तीन जिने उतरून खाली आले, बॅगा नीट लागल्यात का पाहिलं, डिकीचं झाकण दोनदा दाबून बघितलं. दादा वाकला. बाबांनी त्याला उठवलं आणि कॅबच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. डबल बेल. वर येऊन लिहिलं, ७.१०.

दिवसभर डायरी टीपॉयवर उघडी होती. खालापूर. विमानतळ. दुपारी चार वीसला दादाचा निरोप आला, दोनच शब्दांचा : "दगड काढला." मी वाचून दाखवला तेव्हा बाबांनी "बरोबर" म्हणून मान हलवली आणि लिहिलं. रात्री ते झोपले. मीही तिथेच राहिले होते, पावणेतीनला उठून पाहिलं. गॅलरीत अंधार होता, आणि आतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. पहाटे इंधनाच्या थांब्याचा निरोप आला होता, तो त्यांनी सकाळी चष्मा लावून उतरवून घेतला.

सोमवारी दुपारी जेवणं होऊन आम्ही बसलो होतो. भिंतीवर दोन घड्याळं आहेत. दुसरं दादाच्या वेळेचं, आईने रविवार पेठेतून आणलेलं. तिकडे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये वेळ बदलते, तेव्हा बाबा स्टुलावर चढून ते एक तासाने फिरवतात, कुणाला चढू देत नाहीत. आपलं घड्याळ दोन दाखवत होतं. मोबाइल वाजला. दादा घरात शिरला होता.

बाबांनी शेवटचा रकाना भरला, पट्टी ठेवून खाली रेघ मारली. मग मान वर करून त्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.

"लागली मुक्कामी," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.